नाव नको, तुकडा दाखवा

कापडाच्या दुकानात सगळ्यात जास्त काय साचत असेल, तर तुकडे. ठाण संपत आलं की शेवटी हातभर, वीतभर काहीतरी उरतंच. ते विकता येत नाही आणि फेकवतही नाही. मी ते गल्ल्याखालच्या बांबूच्या टोपलीत टाकत राहतो. किस्स्यांचंही तसंच आहे. शेजारी दवाखाना असला की रोज वीतभर उरतात. फरक एवढाच, की कापडाचा तुकडा टोपलीत गप्प पडून राहतो, किस्सा राहत नाही.

सानगडीत माझं दुकान आणि दवाखाना यांच्यामध्ये एकच भिंत आहे. दोन्ही गाळे माझेच. दवाखान्याची खोली लहान, म्हणून पेशंट बसतात ते लांब बाकडं माझ्या दुकानाच्या ओट्यावर आहे. नववी नापास झाल्यावर माझं पुढचं सगळं शिक्षण त्या बाकड्याशेजारी बसून झालं. पोट कशाने दुखतं, सून कशाने रुसते, धानाला भाव कधी येतो, सगळं तिथंच कळलं.

जुने डॉक्टरसाहेब तीस वर्षं होते. पुढे गुडघे थकले आणि ते नागपूरला मुलाकडे गेले. त्यानंतर वर्षभर दवाखान्याला कुलूप होतं. साधं गळू झालं तरी साकोली गाठावी लागायची. बाकड्यावर कुत्री झोपायची. मग एक दिवस मोपेडवरून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. करडीकडच्या, धान पिकवणाऱ्या घरच्या. गाळा पाहिला, नळ सोडून पाहिला आणि म्हणाल्या, "शेठजी, एक वर्ष करून पाहते. लोकांचा विश्वास बसला तर राहीन. नाहीतर साकोलीत जागा पाहून ठेवली आहे."

म्हणजे किल्ली दिली त्या दिवसापासून आमच्या गावाचीच परीक्षा सुरू झाली होती. गावाला ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

*

आधी सुखदेव कळायला हवा. सुखदेव हा डॉक्टरसाहेबांचा कंपाउंडर. गोळ्या मोजणं, पुड्या बांधणं आणि पेशंटला हाक मारणं ही त्याची तीन कामं. पहिली दोन तो अगदी हळू करायचा. तिसरं बसस्टँडवर ऐकू जायचं.

आमच्याकडे एकेका गावात चार देवराम आणि पाच सुमन असतात. नावाने हाक मारली की घोळ होतो. म्हणून त्याने स्वतःच एक सोय काढली होती. नावाऐवजी आजाराने हाक मारायची.

"मूळव्याधवाले गुरुजी, या आत."

"कालच्या जुलाबाची बाई, चला."

गुरुजी मान खाली घालून आत जायचे. कोणी तक्रार करत नसे. तक्रार केली तर पुढच्या वेळी आणखी मोठ्याने हाक मारेल, ही भीती.

एकदा दिवाळी उलटल्यावर सुखदेव दारात आला आणि ओरडला, "खाजवाला कोन होय? चला लवकर."

बाकड्यावरून तीन जण एकदम उठले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघेही आमच्या गावच्या दंडारीतले नट. दंडारीत बाईचं काम पुरुषच करतात, आणि त्या साली या तिघांनी एकच साडी आळीपाळीने नेसून तीन बायका उभ्या केल्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी हात लावायच्या आधीच बाकड्याने निदान केलं.

"साडीनं देल्ली रे बाप्पा तुमाले खाज," एक म्हातारा म्हणाला.

मग सगळी तोंडं माझ्याकडे वळली. "काहून शेठ, साडी तुमच्याच दुकानची ना?"

मी म्हटलं, "दुकानचीच हाय. पन मी एका बाईसाठी देल्ली होती, तिघीसाठी नाही."

*

मॅडम आल्या तेव्हा सुखदेव दवाखान्याबरोबरच आला, जसा नळ आला, तसा. पहिल्याच दिवशी त्याने दारात येऊन श्वास भरला आणि मॅडमने आतून सांगितलं, "सुखदेवभाऊ, आजाराचं नाव दाराबाहेर जायचं नाही."

"मंग बोलावू कसा?"

"नावाने बोलवा."

त्याने हाक दिली, "देवराम!" चार देवराम आत गेले. मॅडमने तिघांना परत पाठवलं. पण तोवर चौथ्याने शर्ट काढला होता, आणि तिघांनी त्याच्या पाठीवरचं नागिणीचं चकंदळ पाहून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी तिघांनी तीन औषधं पोचवली.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमने प्लास्टिकचे नंबर आणले. ज्याचा नंबर, त्याची फाइल आधीच टेबलावर काढलेली. पद्धत चांगली होती, पण ती आमच्या लोकांच्या चांगुलपणापुढे टिकली नाही. बाजाराच्या दिवशी बाहेरगावचे लोक येतात. त्यांची शेवटची बस असते.

"तुमची गाडी सुटन ना काकाजी. घ्या माझा नंबर."

"अन तुमी?"

"मी इथलीच हावो. मी बसतो तुमच्या नंबरवर."

तासाभरात एकाही माणसाच्या हातात स्वतःचा नंबर राहिला नाही. मॅडमने फाइल उघडली आणि वर न पाहता विचारलं, "आठवा लागला ना?"

समोर शहात्तर वर्षांचे काशीरामजी बसले होते. ते म्हणाले, "आठवा नाही माय, शहात्तरावा लागला."

*

त्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर मॅडम दुकानात येऊन गादीवर टेकल्या. वैतागल्या होत्या. "शेठजी, आज काशीरामजींना कळलं की कोणाचा आठवा महिना आहे. पोटावरून ते कळतंच, म्हणून सुटले. उद्या दुसरं काही कळलं तर?"

बोलता बोलता त्यांचा हात टोपलीत गेला. त्यांनी एक जांभळा तुकडा काढला, मधोमध फाडला आणि दोन्ही हातांत धरून पाहत राहिल्या.

"यातला एकेक तुकडा वेगळा आहे ना?"

"एकासारखा दुसरा नाही," मी म्हटलं. "दोन सारखे असते तर जोडून कोन्या पोट्टीचं झबलं नसतं शिवलं?"

तिथून ही पद्धत सुरू झाली. अर्धा तुकडा फाइलच्या कोपऱ्याला टाचलेला, अर्धा पेशंटजवळ. फाइलवर नाव नाही, आजार नाही. फाइली आतल्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या गळ्यात. सुखदेवने दारात यायचं, तुकडा उंच धरायचा आणि तोंड बंद ठेवायचं. ज्याचा असेल तो उठेल. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपलं कापड ओळखू येतं. आणि तुकडा कोणी कोणाशी बदलत नाही, कारण नंबर आज आहे, उद्या नाही. तुकडा मात्र आपला, कायमचा.

सुखदेवला पहिले चार दिवस फार जड गेले. तुकडा धरून उभा राहायचा आणि ओठ नुसते हलायचे. पाचव्या दिवशी मला म्हणाला, "शेठ, तीस वर्षाची सवय हाय. रात्री जेवताना बायकोले बी नावानं हाक नाही मारली, पदर धरून दाखवला."

*

एक घोळ मात्र आमच्या लक्षात आला नव्हता. कापड म्हटलं की आमच्याकडची बाई पेशंट राहत नाही, गिऱ्हाईक होते.

भागरथाबाई खोकल्यासाठी आल्या. मॅडमने राखाडी तुकडा दिला. त्यांनी तो उजेडात धरला, चोळून पाहिला आणि खाली ठेवला.

"हा नाही पटत मले. यात दुसरा रंग दाखवा."

"बाई, हा फाइलसाठी आहे."

"म्हनूनच म्हनतो ना. जन्मभर राहीन का नाही माझ्याजवळ? मंग चांगला द्या. त्या काठाचा दाखवा बरं."

काठाचा तुकडा घेतल्यावरच त्या खोकल्या. मागच्या बाईने ते पाहिलं, तिलाही काठाचा हवा झाला. तिसरी तर घरी जाऊन नणंदेला निवडायला घेऊन आली. दुपारी भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला, "शेठजी, इकडे या. हे तुमचं काम आहे, माझं नाही."

*

आता माझी गोष्ट सांगतो. ती लपवली तर बाकीच्या सांगायचा मला हक्क नाही.

तुकड्यांची ही पद्धत गावासाठी गुप्त होती. माझ्यासाठी नव्हती. कोणतं कापड कोणत्या साली आलं, कोणी नेलं, मला सगळं पाठ. गादीवर बसल्या बसल्या सुखदेवच्या हातातला तुकडा दिसतो, कोण उठतं तेही दिसतं. आठवड्यात किती वेळा उठतं, तेही. मॅडमच्या ते लक्षात आलं.

"शेठजी, तुम्हाला तर सगळे तुकडे ओळखू येत असतील."

"कापडवाल्याले कापड विसरता येत नाही, मॅडम."

"विसरू नका. बोलू नका, एवढंच."

मी मान डोलावली. सोपं वाटलं. मग एका सोमवारी सुखदेवने दारात डाळिंबी तुकडा धरला, आणि बाकड्याच्या पलीकडच्या टोकाहून आमची कमल उठली. माझी बायको. मला न सांगता.

जेवताना विचारलं, "तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय."

"मंग दवाखान्यात कायले गेल्ती?"

"मॅडमले विचारा," ती म्हणाली आणि भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. घरमालक मी, नवरा मी, तुकडेसुद्धा माझेच. मॅडमने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डाळिंबी तुकडा आहे का तुमच्याजवळ?"

"तो तिच्याजवळ हाय."

"मग तिलाच विचारा."

खरं सांगतो, मला राग आला. दोन दिवस मी भिंतीकडे पाठ करून बसलो. मनात नाही नाही ते आलं. कॅन्सर आला, किडनी आली, हार्ट आलं. तिसऱ्या दिवशी कमलने आपणहून सांगितलं.

"तुमचा खर्रा कसा सोडवाचा, ते विचाराले गेल्ती. मॅडम म्हनाल्या, त्याईले स्वतःले यावं वाटलं पायजे."

म्हणजे तुकडा तिचा होता, फाइलही तिचीच होती, आणि आत आजार माझा होता, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा. मी त्याच दिवशी जाऊन माझा तुकडा घेतला. रंग मी सांगणार नाही.

*

गुप्तता सगळ्यांनाच नको असते, हेही याच दवाखान्यात कळलं. परसराम हॉटेलवाल्याने तीन महिने स्वतःच्या हॉटेलातली जिलबी खाल्ली नाही आणि त्याची शुगर खाली आली. त्याला वाटलं, आता सुखदेव ओरडून सांगेल. सुखदेव गप्प.

"मॅडम, चांगली बातमी तरी सांगू द्या ना त्याले."

"चांगली तुम्ही सांगा. आम्ही चांगलीही सांगत नाही आणि वाईटही."

परसरामने तो रिपोर्ट हॉटेलात, जिलबीच्या परातीच्या अगदी वर टांगला. लोक वाचायचे, "वा परसरामभाऊ," म्हणायचे आणि खालची पावशेर घ्यायचे.

*

एक किस्सा असा, की ज्यात मला काहीच माहीत नाही.

सरस्वताबाई बाजारात भाजी विकते. माझ्या दुकानावरून तिचा रोजचा रस्ता. जुन्या डॉक्टरसाहेबांच्या वेळी ती कित्येकदा बाकड्यापाशी थांबायची, टोपली उतरवायची, पाणी मागायची. मग सुखदेवची हाक कानावर पडली की टोपली उचलून चालू लागायची. मला वाटायचं, पाण्यासाठी थांबते.

तुकडे सुरू झाल्यावर महिन्याभराने ती बाकड्यावर बसलेली दिसली. तुकडा मुठीत इतका घट्ट, की रंग दिसत नव्हता. आत अर्धा तास होती. नंतर मॅडमने तिला दोनदा भंडाऱ्याला पाठवलं, एवढं मात्र कळलं, कारण त्या दोन्ही दिवशी बाजारात तिची जागा रिकामी होती आणि ती भंडाऱ्याच्या बसला उभी होती.

काय होतं, मला ठाऊक नाही. पण आता ती थांबते ती खरोखर पाण्यासाठी थांबते. परवा म्हणाली, "शेठ, तुमच्या टोपलीतली चिंधी लय कामाची निघाली." आणि पालकाची जुडी ठेवून गेली.

*

इतकं असूनही, दहाव्या महिन्यात बाकडं रिकामं पडू लागलं.

गावात एक बोलणं पसरलं होतं. "हे मॅडम काही सांगत नाही, म्हंजे हिले काही समजत नाही." जुने डॉक्टरसाहेब सासऱ्याला सुनेचं सांगत, शेजाऱ्याला शेजाऱ्याचं सांगत, लोकांना ती आपुलकी वाटायची. मॅडमकडे सासरे आले की त्या विचारत, "सुनेला विचारून आलात का?" सासरे उठून जात. चार सासरे उठले की त्यांच्यामागे चार घरं उठतात.

अकराव्या महिन्यात मॅडम दुकानात आल्या आणि साड्यांची रिकामी खोकी मागितली. मी विचारलं नाही कशाला. साकोलीच्या जागेचा फोन येऊन गेला होता, भिंत पातळ आहे. चार खोकी दिली. ती दवाखान्याच्या कोपऱ्यात एकावर एक उभी राहिली, आणि मला भिंतीकडे पाहवेना.

*

त्याच दिवसांत सुखदेवच्या मुलीची, वैशालीची सोयरीक आली. मुलगा नितेश, वरठीला कारखान्यात नोकरी, रविवारी मोटारसायकलने घरी. त्याचे वडील धनराजजी शेजारच्या गावचे राइस मिलवाले. दहा गावांचं धान त्यांच्याकडे जातं आणि दहा गावांचं मतही. पसंती झाली. बस्ता, म्हणजे लग्नाचं सगळं कापड, माझ्याकडेच काढायचं ठरलं.

मग एका सकाळी धनराजजी थेट दवाखान्यात शिरले. सुखदेव तिथेच पुड्या बांधत होता. मी ओट्यावर होतो. दार उघडं होतं.

"मॅडम, या सुखदेवच्या पोरीचं रक्त तुमीच तपासलं म्हनतात. सिकल त नाही ना निंगाला?"

सिकल म्हणजे सिकलसेल, आमच्या भागातला रक्ताचा आजार. आईबाप दोघांच्याही रक्तात तो असला तर लेकरांना भोगावा लागू शकतो. एकाच्याच रक्तात असला आणि दुसऱ्याचं साफ असलं, तर लेकराला तो आजार होत नाही. पण गावात हे दुसरं वाक्य कोणी ऐकत नाही. सिकल म्हटलं की मुलीच्या नावावर काट.

मॅडम म्हणाल्या, "मी कोणाच्याच रक्ताचं दुसऱ्याला सांगत नाही."

"म्हंजे हाय."

"म्हणजे सांगत नाही."

धनराजजींचा चेहरा बदलला. "मॅडम, माझ्या मिलवर दहा गावचे लोक येतात. मी एक शब्द बोललो त तुमच्या बाकड्यावर कोनी नाही बसन. सांगून टाका अन मोकये व्हा."

सुखदेवच्या हातातली पुडी सुटली. गोळ्या फरशीवर गडगडल्या. त्याने हात जोडले. तीस वर्षं सगळ्यांचं ओरडून सांगणारा आता विनवू लागला. "मॅडम, पोरीचं लगन हाय. काही नसन त सांगून टाका ना. काही असन, त नका सांगू."

मॅडम त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सुखदेवभाऊ, ज्याला नाही त्याचं मी 'नाही' म्हणून सांगितलं, तर ज्याला आहे त्याच्या वेळी माझं गप्प राहणंच सांगून टाकते. मग या तुकड्यांचा काय उपयोग?"

मी कोपऱ्यातल्या खोक्यांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता ही भरणारच.

धनराजजी बाहेर पडले, तर ओट्याच्या पायरीवर वैशाली उभी. बापाचा डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. पदर-बिदर काही सावरला नाही. पर्स उघडली, आपला तुकडा काढला.

"मामाजी, मॅडमले कायले विचारता? फाइल माझी हाय. मी दाखवतो. पन तुमाले नाही, त्याईले दाखवतो, ज्याच्यासंगं संसार कराचा हाय. त्याईचं रक्त तपासलं का?"

"त्याले काय झालं तपासाले? तगडा हाय तो."

"मी बी तगडीच हावो. त्याईले म्हना, तुकडा घेऊन या. दोन्ही फाइली एकाच वक्ती उघडू."

धनराजजी निघून गेले. सुखदेव फरशीवरच्या गोळ्या वेचत बसला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, सोयरीक गेली, आणि दवाखानाही.

रविवारी मोटारसायकल वाजली. नितेश एकटाच आला होता. सरळ माझ्या टोपलीपाशी बसला, तुकडे चाळू लागला आणि हळूच म्हणाला, "शेठ, तिचा कोन्ता हाय? त्याच्यावर शोभन असा घेतो."

मला तिचा ठाऊक होता. काठ कोणता, कोणत्या दिवाळीचं ठाण, सगळं.

"नाही सांगता येत," मी म्हटलं.

तो हसला आणि एक तुकडा निवडून आत गेला. मॅडमने रक्त घेतलं, नागपूरला पाठवलं. रिपोर्ट यायला आठ दिवस. ते आठ दिवस धनराजजी मिलवर काहीच बोलले नाहीत. बहुतेक मुलाने सांगून ठेवलं असावं. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमचं वर्ष संपायला चारच दिवस उरले होते.

पुढच्या रविवारी दोघं आत गेली, सोबत मॅडम. दार लागलं. बाहेर बाकड्यावर एका टोकाला धनराजजी, एका टोकाला सुखदेव, मध्ये रिकामी जागा. मी गादीवर एकच साडी दहा वेळा घडी करत होतो. भिंत पातळ आहे, पण त्या दिवशी मी दुकानातला पंखा फुल करून ठेवला.

दार उघडलं. गिऱ्हाइकाचं तोंड पाहून त्याला काय हवं ते ओळखणं हा माझा धंदा आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोन चेहरे समोर होते आणि मला काही वाचता आलं नाही. वैशालीचे डोळे ओले होते की डोळ्यांवर ऊन आलं होतं, तेही सांगता येणार नाही.

धनराजजी उठले. "काय निंगालं?"

"आमचं आमी पाह्यलं बाबा," नितेश म्हणाला. "बस्ता कधी काढाचा?"

धनराजजी मॅडमकडे वळले. मॅडमने हात धुतले, पुसले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शेठजी, टोपलीतले चांगले तुकडे संपत आले. नवीन पाठवा. आणि ही खोकी घेऊन जा, पेशंटच्या पायात येऊन राहिली."

मी खोकी घेऊन आलो.

आठ दिवसांनी बस्ता निघाला. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं, गादीभर साड्या, चहा, बायकांचा गोंधळ. वैशाली आणि नितेश एका निळ्या शालूवरून वाद घालत होते. धनराजजी सरकत सरकत सुखदेवच्या शेजारी येऊन बसले. मी कापड मोजत होतो, पण कान तिकडे.

"आता त आपून सोयरे झालो ना, इवाई," धनराजजी व्याह्याच्या हक्काने म्हणाले. "घरातली गोष्ट घरात. तुमी त तिचे बाप, अन दवाखान्यात बी तुमीच. हळूच सांगा, त्या दिवशी काय निंगालं होतं?"

सुखदेवने गोंधळाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. त्याने श्वास भरला. जुना श्वास, बसस्टँडवर ऐकू जाणारा. माझ्या हातातला मीटर थांबला.

मग तो धनराजजींच्या कानाशी वाकला, आणि इतक्या हळू आवाजात बोलला की ऐकायला मला गादीवरून पुढे झुकावं लागलं.

"इवाई," तो म्हणाला, "तुकडा दाखवा."